बावीस तारखेचे दिवे

कल्याण, सोमवार, १७ मे १८९७

ही वही इकडून आणून देणं झालं. "जे तोंडानं बोलवत नाही ते लिहीत जा," असं म्हणणं झालं. मला ते काही पटलं नाही. जे बोलवत नाही ते लिहवतही नाही. मालूचं नाव एकदा लिहून पाहिलं आणि वही मिटून टाकली. तांदूळ निवडले, पुन्हा उघडली.

तेव्हा एवढंच लिहिते. मालू, आमची मुलगी, पाच वर्षांची होती. चैत्रात गाठीच्या तापानं गेली. गावाबाहेरच्या, झावळ्यांच्या झापातल्या इस्पितळात गेली, घरात नाही.

आता उन्हाळ्यानं साथ ओसरली आहे. पळालेली माणसं परत येताहेत, घरोघर भिंतींना चुना लागतो आहे. धूर द्यायला कौलं काढली होती ती आमच्या माजघरावर अजून बसवलेली नाहीत. जेवताना वर पाहिलं की आभाळ दिसतं. सगळे म्हणतात, संपलं एकदाचं. माझं भय काही जात नाही. अंग जरा कोमट लागलं की काखेत हात जातो. इकडची स्वारी झोपलेली असताना कपाळाला हात लावून पाहते. रस्त्यात बुटांचा आवाज आला की दाराशी जाऊन उभी राहते, का ते मलाच कळत नाही.

गुरुवार, २७ मे

इकडचे पुण्याचे मामेभाऊ, मधुभावजी, चार दिवस राहून आज गेले. पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून माणसं कशी शोधतात ते सांगत होते. आवाज फार चढला, तशी मी उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. भावजी हसले. "वहिनी, अजून बोलायला बंदी नाही हो!" मला हसू आलं नाही.

ते स्टेशनावर गेले आणि समोरच्या दाजीसाहेब फणशांचा गडी छापील कागद देऊन गेला. राणीसाहेबांना गादीवर बसून साठ वर्षं झाली, त्याची ज्युबिली २२ जूनला साऱ्या देशात एकाच दिवशी. दाजीसाहेब इथल्या कमिटीचे सेक्रेटरी. शाळेतल्या मुलांची निशाणं घेऊन मिरवणूक, खाऊ, रात्री घरोघर दिवे. कुठल्याही घरानं मागं राहू नये, असं खाली लिहिलंय.

इकडून कागद दोनदा वाचणं झालं आणि पानावरून उठणं झालं. भात तसाच राहिला.

रविवार, ६ जून

आज दाजीसाहेबांकडे सभा होती. आम्ही बायका माजघरात दाराआड बसलो होतो. दाजीसाहेबांच्या पत्नी विमलाबाई परवाच पनवेलहून, माहेराहून, महिन्यानं परत आल्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि हातात पंखा दिला. वारा घ्यायचंही भान राहिलं नाही.

दाजीसाहेबांनी कागद वाचून दाखवला. मग इकडची स्वारी उभी राहिली. कोर्टात कसं बोलणं होतं ते मी कधी ऐकलेलं नाही. आज ऐकलं.

"माझी सूचना एवढीच आहे की कल्याणपुरती तारीख पुढं न्यावी," इकडून म्हणणं झालं. "दिवे लावू नका असं मी म्हणत नाही. पाऊसकाळ सरू द्या. कार्तिकात आपण तसेही दिवे लावतो. आज या गावात ज्या घरातून माणूस गेलेलं नाही असं घर शोधावं लागेल. वर्षाच्या आत आपण आपला सण करत नाही, मग दुसऱ्याचा कसा करायचा?"

"दुसऱ्याचा?" दाजीसाहेबांचा आवाज एकदम चढला. "परशुरामराव, शब्द जपून वापरा. सरकारचा दिवस तो साऱ्यांचा दिवस. लंडनात बावीस, मुंबईत बावीस, आणि कल्याणात काय त्रिपुरी पौर्णिमा? राणीसाहेबांची गादी तुमच्या पंचांगात बसवायची की काय?"

लोक हसले. तेलाचा व्यापारी म्हणाला, पावसात पणत्या तशाही विझतील, तेल फुकट जाईल. एक वृद्ध कोकणी मुसलमान गृहस्थ हळूच म्हणाले, "वकीलसाहेब बरोबर बोलतात. आमच्या घरी दोन जनाजे निघाले, अजून चाळिसावा झाला नाही." मग सगळे एकदम बोलू लागले. पोरांची गर्दी जमवली तर दुखणं पुन्हा उठेल, असं कुणी म्हणालं. तारीख बदलायला मागणं म्हणजे राजद्रोह, असं दुसरं कुणी म्हणालं. तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातला पंखा पडला.

शेवटी ठरलं की ठाण्याला कलेक्टरसाहेबांकडे अर्ज पाठवून विचारावं. पहिली सही इकडची. दुसरी सही करायला बराच वेळ कुणी पुढं आलं नाही.

बुधवार, ९ जून

दुपारी भाऊ येऊन गेले. इकडचे शाळेपासूनचे मित्र, मामलेदार कचेरीत कारकून आहेत. सभेत तेही तारीख बदलण्याच्या बाजूचे होते. सही मात्र नोकरीमुळे करता आली नाही, म्हणून फार हळहळत होते. इकडची स्वारी कोर्टात होती तरी ओटीवर बसून माझ्याशी दाराआडून बोलले. माणूस फार कळवळ्याचा. "वहिनी, तुमचं कसं चाललंय? परशुराम बोलतो का काही? एकटा पडू देऊ नका त्याला. कुणी येतं-जातं का?"

कुणीतरी आपणहून विचारलं, तर मलाही बरं वाटलं. मधुभावजी येऊन गेल्याचं सांगितलं. त्यांच्या बोलण्याला भिऊन मी खिडकी लावली तेही सांगितलं. भाऊ हसले, म्हणाले, "बरं केलंत." चहा दोनदा घेतला. जाताना म्हणाले, "मी आहे, काळजी करू नका."

असा एक माणूस कचेरीत आपला आहे याचा मोठा आधार वाटतो.

सोमवार, १४ जून

वटपौर्णिमा. वडाला फेरे घालताना सूत मध्येच तुटलं. विमलाबाईंनी पटकन गाठ मारली, म्हणाल्या, "सूतच जुनं आहे, मनाला लावून घेऊ नकोस." मी लावून घेतलंच.

घरी आले तर ठाण्याहून उत्तर आलेलं. तारीख बदलणार नाही. ज्यांना अडचण असेल त्यांच्यावर सक्ती नाही, एवढं मात्र लिहिलंय. इकडून कागद घडी करून ठेवणं झालं. "बरं तर. गाव दिवे लावील. आपल्या घरी नकोत."

"एखादा लावला तर?" मी विचारलं. "दारात एकच. नजरेला येऊ नये म्हणून."

"नको म्हटलं ना."

मालू गेल्यापासून इकडून मला इतकं तोडून बोलणं कधी झालं नव्हतं. बोलणंच फारसं झालेलं नाही म्हणा.

गुरुवार, १७ जून

शेवंती कोळीण बोंबील घेऊन आली. कलकत्त्याकडे मोठा भूकंप झाला, घरं पडली, असं तिला गोदीवर कळलं. आम्ही ते वर्तमानपत्रात वाचलं होतं, तिनं माझ्यापेक्षा नीट सांगितलं. मी तिला विचारलं, तुमच्याकडे दिवे लावणार का. म्हणाली, "काय सांगू बाय, आमचे कोलीवाऱ्यान दिवा लावाला मानूस तरी हाय का?" टोपली उचलून गेली.

आधी दुष्काळ, मग गाठ, मग धरणीकंप. या वर्षाच्या पोटात अजून काय आहे कोण जाणे.

बुधवार, २३ जून, सकाळी

काल जे झालं ते लिहून काढते. डोक्यात ठेवलं तर डोकं फुटेल.

काल सकाळपासून पाऊस. कमिटीचा गडी प्रत्येक दारात पणत्या ठेवून गेला, आमच्याही. मी त्या फळीवर सारून ठेवल्या. इकडची स्वारी दुपारी बाहेर गेली. थोड्या वेळानं भाऊ आले, छत्रीही मिटली नाही, दारातूनच म्हणाले, "वहिनी, परशुराम ऐकणार नाही म्हणून तुम्हाला सांगतो. आज कोणाची घरं अंधारात आहेत ते पाहायला माणूस फिरणार आहे. त्याचं नाव आधीच कचेरीत सगळ्यांच्या तोंडी आहे. दोन दिवे लावले तर काय बिघडतं?"

ते गेले आणि मला घरात बसवेना. सक्ती नाही असं सरकारनं लिहिलंय हे मला ठाऊक होतं. पण भाऊ उगाच कशाला सांगतील? देवासमोर उभी राहिले, मालूची मनात क्षमा मागितली आणि तिन्हीसांजेला पडवीच्या कठड्यावर पणत्या मांडून लावल्या. पाच लावल्या. पाऊस आत येत नव्हता, त्यामुळे छान तेवल्या. मग रस्त्याकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त घरं अंधारात होती. कुणी फिरताना दिसलं नाही.

तेव्हाच काढून टाकल्या असत्या तर! पण मी उभीच राहिले. वाटलं, दिसू देत. एकदा दिसले की सुटले.

कोपऱ्यावरून बँडचा आवाज आला. मिरवणूक पावसामुळे उशिरा निघाली होती, ती आमच्याच रस्त्यानं येत होती. पुढं दाजीसाहेब, त्यांचा लाल फेटा भिजून रंग कपाळावर उतरलेला. मामलेदार, फौजदार, मागं मुलं. आणि त्यांच्या पुढं दहा पावलांवर इकडची स्वारी, घरी येत होती.

अंगणात येऊन थांबणं झालं. दिव्यांकडे पाहणं झालं.

"कुणी लावले?"

"मी."

"या घरात?"

इकडून छत्री टाकून देणं झालं, कठड्याशी येऊन एक एक वात बोटांच्या चिमटीत धरून विझवणं झालं. घाई नाही, काही नाही. मिरवणूक दारासमोर आलेली. बँड वाजतच होता, पण मुलं थांबून पाहू लागली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वकीलसाहेब राणीचे दिवे विझवताहेत!" कुणी हसलं. फौजदार हसले नाहीत. समोर माडीच्या खिडकीत विमलाबाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं.

घरात आल्यावर मी तेल लावायला बोटं मागितली. हात मागं घेणं झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काल पुण्यात ज्युबिलीच्या समारंभाहून परतताना दोन साहेबांवर कुणीतरी गोळ्या झाडल्या. एक जागीच गेला. दुसरा, तिथल्या प्लेगच्या कामावरचा, इस्पितळात आहे. तार आली तसं बाजारात दुकानांच्या फळ्या लागल्या.

बातमी ऐकून मी इकडच्या तोंडाकडे पाहिलं. इकडून माझ्याकडे पाहणं झालं. दोघांच्याही मनात एकच आलं. काल संध्याकाळी साऱ्या गावासमोर ज्यानं राणीचे दिवे विझवले असा माणूस कल्याणात एकच आहे.

शुक्रवार, २५ जून

सकाळी नेलं.

फौजदार आणि सहा शिपाई. कपाटातले सगळे कागद, मधुभावजींची पत्रं, वर्तमानपत्रं एका चादरीत बांधली. मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून विचारलं. "मे महिन्यात पुण्याहून इसम आला होता, तो किती दिवस राहिला?" मी म्हटलं, ते मामेभाऊ आहेत, चार दिवस. "मग खिडकी लावून काय बोलणं चालायचं?"

खिडकी मी लावली हे यांना कुणी सांगितलं?

इकडून जाताना म्हणणं झालं, "घाबरू नकोस. दार लावून घे." पायात वहाणा घालायचं भान नव्हतं. मी घेऊन धावले, तोवर टांगा वळला होता.

मंगळवार, २९ जून

ठाण्याला ठेवलंय म्हणतात. भेटू देत नाहीत.

विमलाबाई रोज डबा पाठवतात. मी घेत नाही असं नाही, पण घास उतरत नाही. त्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोर आहे. पाहिलं असेल ते त्यांनीच. मे महिन्यात त्या पनवेलला होत्या हे खरं. पण त्यांचे गडी-माणसं तर इथंच होती. आणि दाजीसाहेब म्हणजे सरकारच्या गोटातले. आज त्या स्वतः आल्या तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून आतच पडून राहिले. त्या ओसरीवर बराच वेळ बसून होत्या. जाताना केर काढून गेल्या.

भाऊ काल आले होते. काही कागद शिपायांच्या हातून सुटलेत का, विचारत होते. असतील तर मी जाळून टाकतो, म्हणाले. काहीच उरलं नाही हो, म्हटलं. "ठाण्याला जाऊ नका," म्हणाले, "बायकांनी तोंड उघडलं की प्रकरण वाढतं. घरात बसा." इतकी जोखीम घेऊन कचेरीतला माणूस या घराची पायरी चढतो! देव त्यांचं भलं करो.

सोमवार, ५ जुलै

इस्पितळातला साहेबही गेला.

आता फाशीच देतील. कुणाला तरी देतीलच. त्यांना माणूस सापडलेला नाही, आणि हातात एक माणूस आहे.

दिवसभर स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून होते. पाऊस उघड्या कौलांतून माजघरात पडत होता, भांडं ठेवायलाही उठवलं नाही. संध्याकाळी दाजीसाहेब दारात आले, मागं विमलाबाई. मला पळून जावंसं वाटलं.

दाजीसाहेब बसले नाहीत. फेटा सारखा करत म्हणाले, "बाई, मला ठाण्याहून बोलावणं आहे. मी काय पाहिलं ते विचारणार आहेत. मी खोटं बोलणार नाही. दिवे त्यानं विझवले, मी पाहिलं."

मी म्हटलं, "मग सांगा."

"सांगणार. पण मी आणखी एक पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पाऊस नव्हता तो, पडवीत पाऊस कुठला? तेही सांगणार. पण माझ्या एकट्याच्या सांगण्यावर भागायचं नाही. तुमच्या घरात काय झालं ते तुम्ही सांगितलं पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "मला त्याचं म्हणणं तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. तारीख म्हणजे तारीख. पण म्हणून शेजारच्या माणसाला..."

"मी येते तुझ्याबरोबर," विमलाबाई म्हणाल्या.

भाऊ जाऊ नका म्हणाले होते. विमलाबाईंचा मला भरवसा नाही. तरी मी हो म्हटलं. घरात बसून भिण्यापेक्षा तिथं जाऊन भ्यावं.

शुक्रवार, ९ जुलै

काल ठाण्याला जाऊन आले.

तळ्याकाठच्या वडाखाली आम्ही दोघी बायका बराच वेळ उभ्या होतो. आधी दाजीसाहेब आत गेले. मग मला बोलावलं. पदर डोक्यावरून इतका ओढला होता की मला फक्त साहेबाचे बूट आणि टेबलाचे पाय दिसत होते. शिरस्तेदार दुभाष्याचं काम करत होते.

"दिवे कुणी लावले?"

"मी."

"कुणी विझवले?"

गाडीत सगळा रस्ता एकच उजळणी केली होती: खरं तेच सांगायचं. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"मीच विझवायला सांगितलं," मी म्हटलं. "आमची मुलगी चैत्रात गेली, पाच वर्षांची. वर्षाच्या आत घरावर रोषणाई करत नाहीत. मी आनंदाच्या भरात लावले, मग ध्यानात आलं, मी घाबरले, रडायला लागले. घरात शिरताच यांना म्हटलं, आधी ते दिवे काढा, पोरीला तिथं शांती मिळायची नाही. बायकोच्या हट्टापायी विझवले हो त्यांनी. पुरुषाला यातलं काय कळतं?"

मी एवढं बोलले आणि शिरस्तेदारांनी दोनच वाक्यांत सांगितलं. साहेब काही बोलला.

"साहेब विचारतात, मुलीचं नाव काय?"

चैत्रापासून ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. निघालं ते त्या खोलीत. साहेबानं ते आपल्या जिभेवर एकदा म्हणून पाहिलं, "मालू", आणि लिहून घेतलं. मी पदराआडून वर पाहिलं. कोवळा पोरगा होता, नाकाची साल उन्हानं निघालेली. तोही माझ्याइतकाच भ्यायलेला दिसला. त्याच्यासारख्या दोघांना मारलंय ना.

परत येताना कल्याण स्टेशनावर उतारूंना रांगेत उभं करून तपासत होते. तपासणाऱ्या बाईनं माझ्या काखेत हात घातला तेव्हा मी विमलाबाईंकडे सरकले. विमलाबाईंनी माझा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता, घर येईस्तोवर सोडला नाही. ही बाई माझ्याशी इतकी चांगली का वागते? मन खात असेल तिचं.

बुधवार, १४ जुलै

आले!

दाजीसाहेब जामीन राहिले. सनद मात्र अजून अडकवून ठेवलीय, कोर्टात उभं राहता येणार नाही. दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून लोंबतो. पाय धुवायला पाणी दिलं, तर तांब्या धरून तसंच उभं राहणं झालं.

मी किती बोलले! इकडून एक शब्द नाही. फक्त एकदा, जेवताना: "तू साहेबासमोर गेलीस?"

"हो."

"काय सांगितलंस ते त्यांनी मला वाचून दाखवलं."

एवढं बोलून पानावरून उठणं झालं.

शनिवार, १४ ऑगस्ट

भाऊंना बढती मिळाली, ठाण्याच्या मोठ्या कचेरीत. जाण्याआधी निरोप घ्यायलाही आले नाहीत, घाईत असतील. मी आनंदानं इकडे सांगायला गेले. भाऊंनी माझी किती विचारपूस केली, सभेनंतर कसे आले, ज्युबिलीच्या दिवशी भर पावसात कसे सावध करून गेले, सगळं सांगितलं. माझ्या तोंडून हे सगळं एका दमात इकडे पहिल्यांदाच ऐकणं झालं.

"खिडकीचंही त्याला सांगितलं होतंस?"

"हो."

इकडून नुसतं "बरं" म्हणणं झालं, आणि बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसणं झालं. मित्राचं चांगलं झालं तर तोंड असं का उतरावं? मी विचारलं. "काही नाही. यापुढं विमलाबाईंकडे जात जा दुपारची." एवढंच.

सोमवार, १८ ऑक्टोबर, तळ्यापलीकडच्या माळावरून

साथ पुन्हा आली. आमच्या आळीत आठवड्यात तीन माणसं. गाव मोकळं करून आम्ही सगळे माळावर झाप बांधून राहिलो आहोत. आमच्या शेजारी दाजीसाहेबांचा झाप. दिवाळी तोंडावर आहे, पण यंदा तिचं नाव कुणी काढत नाही. दाजीसाहेबांनी काल आपणहून सांगितलं की कमिटी मोडली.

आज सकाळी चुलीवर भात ठेवला होता. इकडची स्वारी झापाच्या दाराशी बसली होती. अचानक बोलणं सुरू झालं, माझ्याकडे न पाहता.

"तिथं रोज एकच प्रश्न. दिवे का विझवलेस? मी खरं तेच सांगत होतो. बायकोचा राग आला म्हणून विझवले. ते हसत. शिकलेला वकील, एवढ्याशा कारणासाठी? रोज तेच उत्तर, रोज तेच हसणं. मग तू जाऊन खोटं सांगितलंस आणि ते त्यांना पटलं."

"माझा राग आला होता?" मी विचारलं.

"फार. वाटलं, तू तिला विसरलीस."

मी लाकूड चुलीत सारत राहिले. धुरानं डोळे चुरचुरत होते. "मी भ्यायले होते," म्हटलं. "इकडे काही होईल म्हणून. भीतीत मला दुसरं काही दिसत नव्हतं."

"आणि मी?" इकडून म्हणणं झालं. "सभेत मी गावाचं म्हणून बोललो. गावाचं त्यात काही नव्हतं. मला त्या दिवशी दिवे पाहायचे नव्हते, बस. कुठल्याही तारखेला पाहायचे नव्हते. कार्तिकातही मी दुसरं कारण काढलं असतं."

पलीकडच्या झापात एक मूल खोकलं. आम्ही दोघांनीही कान देऊन ऐकलं. पुन्हा खोकलं नाही.

मग इकडून जवळ येऊन चुलीपाशी जमिनीवरच बसणं झालं. "एक विचारू? मी तिला इस्पितळात उचलून नेलं, त्याच सकाळी आधी मी डॉक्टरकडे गेलो होतो. तेव्हा तिनं काही खाल्लं होतं का गं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दूधभात," मी म्हटलं. "दोन घास खाल्ले. तिसरा नको म्हणाली."

"मग?"

"मग तो तिनं माझ्या तोंडात घातला."

भात उतू गेला, निखाऱ्यावर फसफसला. कुणीच उठलं नाही. इकडून माझा हात धरणं झालं, आणि मी मालूचं पुढचं सगळं सांगू लागले.